लिस्टेड कंपनीतले आयएफसी (अंतर्गत वित्तीय नियंत्रणं) : सही करण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंधेरीत मुख्य कार्यालय असलेल्या एका लिस्टेड ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत तुम्ही डिसेंबरमध्ये रुजू झालात. माल भिवंडीच्या गोदामांतून जातो, हिशेब एसएपी या सॉफ्टवेअरवर आहेत. दीडशेच्या आसपास कंट्रोल असलेला आरसीएम, म्हणजे रिस्क कंट्रोल मॅट्रिक्स (कुठल्या धोक्यावर कुठला कंट्रोल, याचा तक्ता), तुमच्या हाती दिला गेला. ऑडिटर 'रिव्ह्यूचा पुरावा' मागताहेत आणि वरिष्ठ म्हणतात, ऑक्टोबरपासूनच्या शीटवर सह्या राहिल्यात, तेवढ्या मागच्या तारखांनी उरकून द्या. हे सगळं कागद रंगवणंच आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सह्यांचं आधी. मागच्या तारखेने सही करू नका. ऑक्टोबरचा रिव्ह्यू ऑक्टोबरच्या क्लोजिंगमध्ये (महिन्याचे हिशेब बंद करताना) झाला नसेल, तर तो कंट्रोल त्या महिन्यात चालला नाही आणि तसं लिहिता येतं. आता बसून ती शीट खरोखर तपासा, आजची तारीख घाला, 'ऑक्टोबरचा रिव्ह्यू जानेवारीत केला' असं स्पष्ट नोंदवा, काय सापडलं तेही लिहा. चूक निघाली नाही तर ऑक्टोबरचा आकडा बरोबर असल्याला आधार मिळतो. कंट्रोल चालल्याचा आधार मात्र मिळत नाही. ऑडिटर या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, तुम्हीही धरा.

मागच्या तारखेचं लपत नाही हे तर आहेच. फाइल शेवटची कधी बदलली, मेल कधी गेला, सही करणारी व्यक्ती त्या दिवशी रजेवर होती का, हे सगळं पाहिलं जातं. पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. सेबीच्या लिस्टिंग नियमावलीतल्या १७(८) खाली सीईओ आणि सीएफओ संचालक मंडळाला लेखी प्रमाणपत्र देतात. वित्तीय अहवालांसाठीच्या अंतर्गत नियंत्रणांची जबाबदारी त्यात ते स्वतःकडे घेतात, आणि त्या नियंत्रणांच्या रचनेत किंवा चालण्यात माहीत असलेल्या उणिवा ऑडिटर व ऑडिट कमिटीपुढे मांडल्या आहेत असंही सांगतात. तुम्ही ऑक्टोबरची उणीव सहीखाली झाकलीत, की वरच्या माणसाचं प्रमाणपत्र त्याच्या नकळत खोटं ठरतं. वरिष्ठांशी बोलताना हेच सांगा. बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या मनात पाप नसतं. क्लोजिंगच्या धावपळीत राहून गेलेलं असतं आणि ऑडिटर समोर बसलेले असतात. प्रमाणपत्राचा मुद्दा पुढे ठेवला की सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचं फार लांबवत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ प्रमाणे लिस्टेड कंपनीच्या संचालकांना जाहीर करावं लागतं की अंतर्गत वित्तीय नियंत्रणं घालून दिली आहेत, ती पुरेशी आहेत आणि परिणामकारकपणे चालताहेत. कलम १४३(३) खाली स्टॅच्युटरी ऑडिटर त्यावर स्वतंत्र मत देतो. हे मत २०१५-१६ या वर्षापासून सक्तीचं झालं, आणि ऑडिटरने ते कसं बनवायचं याची मार्गदर्शिका सीए इन्स्टिट्यूटने सप्टेंबर २०१५ मध्ये काढली. एक फरक लक्षात असू द्या. संचालकांच्या जबाबदारीत कामकाजाची शिस्त, मालमत्तेचं रक्षण, घोटाळे रोखणं हे सगळं येतं. ऑडिटरचं मत वित्तीय पत्रकांपुरतं असतं. त्यामुळे 'ऑडिटरने विचारलं नाही' म्हणून एखादा कंट्रोल सोडून देता येत नाही.

आता मूळ प्रश्न. कागद रंगवणं होतं, हे खरं आहे. ते तेव्हा होतं जेव्हा माणसं आरसीएमच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात आणि प्रत्येक ओळीला एक सही शोधत सुटतात. तुम्ही उलट बाजूने या. नफातोटा पत्रक आणि ताळेबंद समोर घ्या आणि प्रत्येक मोठ्या आकड्याला विचारा: हा चुकीचा छापला गेला तर कसा जाईल? उदाहरणापुरतं धरू की करपूर्व नफा ८० कोटी आहे. त्याचे पाच टक्के, म्हणजे चार कोटींच्या आसपास, ही चूक 'मोठी' ठरण्याची रेषा अनेक ऑडिटर धरतात. मग चार कोटींची चूक कुठल्या वाटांनी येऊ शकते? पेटीकॅशमधून येणार नाही. प्रवासखर्चाच्या बिलांतून येणार नाही. तरीही बहुतेक आरसीएममध्ये पेटीकॅशच्या चार-पाच ओळी असतात आणि सेल्स स्कीमच्या तरतुदीची एकच. तुमच्याकडेही तसंच असेल, तर दीडशेपैकी चाळीसेक कंट्रोलच खरे 'की कंट्रोल', म्हणजे कळीचे, निघतील. लक्ष तिथे द्या.

तुमच्यासारख्या कंपनीत मी पहिलं बोट ठेवीन ते स्कीमच्या तरतुदीवरच. डिस्ट्रिब्युटरला तिमाहीचं टार्गेट, त्यावर अमुक टक्के सूट, दिवाळीला जादा योजना, शिवाय डिस्प्लेचे पैसे. इंड एएस ११५ या महसुलाच्या हिशेब-मानकाप्रमाणे ही रक्कम विक्रीतून वजा व्हायला हवी, आणि तिमाही संपते तेव्हा क्रेडिट नोटा (सुटीची रक्कम डिस्ट्रिब्युटरच्या खात्यावर जमा करणारे कागद) निघालेल्याच नसतात. म्हणून अंदाज करावा लागतो. तो अंदाज जवळजवळ नेहमी एका एक्सेल शीटमध्ये असतो, आणि ती शीट एकाच माणसाला कळते. एसएपीतून विक्री उतरवायची, विक्री विभागाच्या सर्क्युलरमधले दर लावायचे, दिलेल्या क्रेडिट नोटा वजा करायच्या, उरलेल्याची जेव्ही, म्हणजे हिशेबात हाताने घातली जाणारी जर्नल नोंद, टाकायची.

या शीटखाली मॅनेजरची सही असते. आरसीएममध्ये लिहिलेलं असतं, 'फायनान्स मॅनेजर तरतुदीचा आढावा घेतात'. ऑडिटर नेमकं इथेच अडतात आणि ते बरोबर करतात. आढावा घेतात म्हणजे काय करतात? किती फरक दिसला तर थांबतात? थांबल्यावर कोणाला विचारतात? याचं उत्तर कागदावर नसेल तर ती सही फक्त सही आहे. मॅनेजरने शीट उघडण्याआधी आपली अपेक्षा लिहून ठेवावी: मागच्या तिमाहीत स्कीमचा खर्च विक्रीच्या ४.१ टक्के होता, या तिमाहीत दिवाळीची जादा योजना आहे, तेव्हा तो पाच ते साडेपाच टक्क्यांत यावा. मग विभागवार आकडे पाहावेत, आणि एखाद्या विभागात अपेक्षेपेक्षा २५ लाखांहून जास्त फरक असेल तर कारण मागून ते लिहावं. ही २५ लाखांची रेषा महत्त्वाची आहे. चार कोटींची चूक पकडायची तर रिव्ह्यूची चाळण तिच्याहून कितीतरी बारीक हवी, कारण पाच विभागांत एकाच दिशेने थोडं थोडं चुकलं तरी बेरीज मोठी होते. मी अशा शीट पाहिल्या आहेत जिथे 'फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास' असं लिहिलं होतं आणि मूळ रक्कमच ६० कोटींची होती. म्हणजे सहा कोटींपर्यंत कोणी काही विचारणारच नव्हतं. कंट्रोल नियमाबरहुकूम चालत होता आणि निरुपयोगी होता.

त्याच्या जोडीला मागे वळून पाहणंही हवं. सप्टेंबरअखेर जी तरतूद केली, त्यापोटी प्रत्यक्षात किती क्रेडिट नोटा निघाल्या? तरतूद सलग तीन तिमाह्या कमी पडत असेल तर अंदाज बांधण्याची रीतच एका बाजूला झुकलेली आहे. या एका तुलनेतून जितकं कळतं तितकं दहा सह्यांतून कळत नाही.

आणि शीटमध्ये जे आलंच नाही त्याचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच. एखाद्या विभागाच्या सेल्स मॅनेजरने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरला व्हॉट्सॅपवर शब्द दिला की 'माल उचला, दोन टक्के जादा बघतो', तर तो शब्द कुठल्याही सर्क्युलरमध्ये नसतो. फायनान्सला कळतं ते जूनमध्ये, दावा आल्यावर. यावर दोन गोष्टी करता येतात. दर तिमाहीला प्रत्येक विभागप्रमुखाकडून लेखी घ्यायचं की दिलेल्या सगळ्या योजना, तोंडी धरून, कळवल्या आहेत. आणि तिमाही संपल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांतल्या क्रेडिट नोटा उघडून त्या कुठल्या काळातल्या विक्रीपोटी आहेत ते पाहायचं. यातली दुसरी गोष्ट जास्त भरवशाची, कारण ती कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही.

इथेच रिपोर्टचाही प्रश्न येतो. मॅनेजर ज्या विक्रीच्या रिपोर्टवर विसंबून रिव्ह्यू करतात, तो पूर्ण आहे हे कोणी पाहिलं? रिपोर्ट काढताना एखादा प्लँट कोड फिल्टरमध्ये सुटला, तर भिवंडीच्या एका अख्ख्या गोदामाची विक्री शीटबाहेर राहते आणि खालची बेरीज तरीही नीटनेटकी दिसते. रिपोर्टची बेरीज ट्रायल बॅलन्सशी जुळवा, फिल्टर दिसतील असा स्क्रीनशॉट शीटसोबत ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. ऑडिटर ज्याला आयपीई म्हणतात, कंपनीनेच तयार केलेली माहिती, तिचा सगळा आग्रह एवढ्यासाठीच असतो.

कट-ऑफसाठी, म्हणजे विक्री योग्य तिमाहीतच धरली जाते ना यासाठी, एकदा भिवंडीला जाऊन या. मानकोली नाक्याच्या पुढच्या गोदामात संध्याकाळी उभं राहून माल कसा चढतो, गेट पास कोण फाडतो, एलआर (वाहतूकदाराची मालाची पावती) कधी बनते, ते डोळ्यांनी पाहा. इन्व्हॉइस एसएपीत ३१ मार्चला रात्री नऊला निघालेलं असतं आणि ट्रक १ एप्रिलला सकाळी गेटबाहेर पडतो, असं होऊ शकतं. करारात माल डिस्ट्रिब्युटरच्या दारात पोचवण्याची अट असेल, तर नागपूरला जाणाऱ्या ट्रकमधला माल ३१ तारखेला गेटबाहेर पडूनही अजून तुमचाच आहे. कंट्रोल असा असावा: तिमाहीच्या शेवटच्या काही दिवसांची इन्व्हॉइसेस घ्यायची, पोचपावतीची तारीख लावायची, वाटेत असलेला माल विक्रीतून उलटवायचा. किती दिवस घ्यायचे ते सर्वात लांबच्या डिस्ट्रिब्युटरच्या अंतरावरून ठरवा. जूनअखेरच्या तिमाहीत ते दिवस वाढवा. पावसात कसारा घाटात वाहतूक तुंबते, पोचपावत्या उशिरा येतात, आणि एरवी चार दिवसांचा हिशेब पुरतो तिथे आठ लागतात. आरसीएम लिहिणाऱ्याने गोदाम पाहिलं नसेल तर ही ओळ त्यात कधीच येत नाही.

मॅन्युअल जर्नल एन्ट्रीबद्दल थोडं. एसएपीत एकाने पार्क करायची (तयार करून ठेवायची) आणि दुसऱ्याने पोस्ट करायची ही सोय बहुतेक ठिकाणी असते. ती कोणाला लागू नाही, ते विचारा. वरिष्ठांना किंवा 'इमर्जन्सी' म्हणून दिलेल्या आयडींना थेट पोस्टिंगचा अधिकार असेल तर मेकर-चेकर फक्त कनिष्ठांपुरता उरतो, आणि हिशेबातले मोठे घोळ कनिष्ठ माणूस क्वचित करतो. दर महिन्याला जेव्हींची यादी काढून विक्रीच्या खात्यात हाताने टाकलेल्या, क्लोजिंगच्या अखेरच्या दिवशी टाकलेल्या आणि पुढच्या महिन्यात उलटवलेल्या नोंदी वेगळ्या पाहा.

दोन सिस्टीम जिथे एकमेकींना भेटतात तिथला सांधा मात्र सावकाश तपासा. फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण मुंबईत काम करणाऱ्या प्रत्येक फायनान्सवाल्याने अभ्यासावं असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने ते जाहीर केलं, तेव्हा आकडा साधारण ११,४०० कोटींचा होता. हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशप्रणालीवरून परदेशी शाखांना जात होते आणि बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीत, सीबीएसमध्ये, त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या. सीबीएसमधून निघणारा कुठलाही रिपोर्ट, कितीही सह्यांचा, ती जबाबदारी दाखवू शकत नव्हता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना स्विफ्ट आणि सीबीएस जोडण्याची मुदत घालून दिली.

तुमच्या कंपनीत असे सांधे कुठे आहेत ते लिहून काढा. गोदामाची प्रणाली आणि एसएपी. डिस्ट्रिब्युटरांचं दाव्यांचं पोर्टल आणि एसएपी. पगार बाहेरच्या एजन्सीकडून होत असेल तर तिची फाइल आणि एसएपी. प्रत्येक सांध्यावर एका बाजूच्या नोंदींची संख्या आणि रक्कम दुसऱ्या बाजूशी कोण जुळवतं, आणि अडकून पडलेल्या नोंदींची यादी कोण रिकामी करतं? 'इंटरफेस ऑटोमॅटिक आहे' हे उत्तर पुरेसं मानू नका. ऑटोमॅटिक इंटरफेसही अडकतो, आणि तो अडकल्याचा मेल अनेकदा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असतो.

बँक शिल्लक हा कंटाळवाणा वाटणारा विषय आहे, पण सत्यम या आयटी कंपनीत ७ जानेवारी २००९ ला जे पत्र बाहेर आलं त्यात ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली होती. बँकेचं स्टेटमेंट ट्रेझरीतल्या माणसाने आणून दिलेलं घेऊ नका. रिकन्सिलिएशन (बँक आणि हिशेब यांची जुळणी) करणाऱ्याने ते थेट बँकेच्या पोर्टलवरून उतरवावं, आणि फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्याही तशाच थेट पडताळाव्यात.

अॅक्सेसचं काम तुलनेने सोपं आहे. एचआरकडून नोकरी सोडलेल्यांची यादी घ्या, एसएपीतल्या चालू आयडींशी लावा. व्हेंडरचं बँक खातं बदलणारा आणि पेमेंट सोडणारा माणूस एकच नाही ना, ते पाहा. खातं बदलण्याची विनंती मेलवर आली तर मास्टरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमधल्या नंबरवर नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची नोंद) सक्तीचा आहे आणि तो बंद करता येता कामा नये. अॅप्लिकेशनमध्ये तो चालू असतो, पण डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांची नोंद होत नाही, अशी टिप्पणी २०२३-२४ च्या अनेक ऑडिट अहवालांत आली. तुमच्या आयटी विभागाला हा प्रश्न आजच लेखी विचारा, कारण उत्तर यायला वेळ लागतो.

आता उणीव सापडली तर तिची पायरी कशी ठरते ते. प्रत्यक्षात किती रुपयांची चूक झाली एवढ्यावर ती ठरत नाही. किती होऊ शकली असती आणि ती वेळेत पकडली न जाण्याची शक्यता कितपत आहे, यावर ठरते. ऑक्टोबरपासूनचा रिव्ह्यू वेळेत झाला नाही आणि आता तपासल्यावर शीट बिनचूक निघाली, तरीही उणीव राहते. ती हलकी करणारा दुसरा कंट्रोल होता का, ते शोधा. समजा, मुख्यालयात त्याच तरतुदीची विभागवार तुलना दर महिन्याला होत असेल आणि तिची चाळण पुरेशी बारीक असेल, तर उणीव खालच्या पायरीवर येते. असं काहीच नसेल आणि चार कोटींची चूक निसटू शकत असेल, तर तो मटेरियल वीकनेस, म्हणजे सगळ्यात गंभीर पायरीची उणीव, आहे, आणि वर्षअखेरीस तो तसाच उरला तर ऑडिटरला आयएफसीवरच्या मतात बदल करावा लागतो. हिशेब स्वच्छ असूनही हे मत बदललेलं असू शकतं.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. हे मत ३१ मार्च या तारखेचं असतं. जानेवारीत सापडलेली उणीव मार्चपर्यंत दुरुस्त होऊन, दुरुस्त कंट्रोल पुरेशा वेळा चालला, तर वर्षअखेरीला ती उरत नाही. महिन्याच्या कंट्रोलसाठी ऑडिटर सहसा निदान दोन वेळा चाललेला पाहायला मागतात. डिसेंबरचं क्लोजिंग जानेवारीत, जानेवारीचं फेब्रुवारीत, फेब्रुवारीचं मार्चमध्ये, अशा तीन संधी तुमच्याकडे आहेत. वर्षअखेरच्या क्लोजिंगमधले कंट्रोल एप्रिलमध्ये चालतात आणि तेही ते तपासतात.

स्कीमच्या तरतुदीचा रिव्ह्यू तुमच्याकडे तिमाहीचा असेल तर मात्र ३१ मार्चच्या आत तो एकदाच चालेल, याच महिन्यात. म्हणून तो आतापासून महिन्याचा करा. सीएफओ साहेबांकडून तसा बदल आरसीएममध्ये मंजूर करून घ्या, रेषा किती लाखांची ते त्यातच लिहा, आणि ऑडिट कमिटीच्या पुढच्या बैठकीच्या टिपणात ऑक्टोबरपासूनची उणीव आणि हा बदल दोन्ही एकत्र मांडा. डिसेंबर तिमाहीचे निकाल सेबीच्या नियमाप्रमाणे ४५ दिवसांत, म्हणजे १४ फेब्रुवारीपर्यंत, द्यायचे आहेत. कमिटी त्याआधी बसेलच.